ट्रकची बॅटरी सारखी बसते? नवीन जोडी घेण्याआधी एवढं तपासा

रात्री गाडी लावताना ठणठणीत, सकाळी किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. चार्जिंग करून आणली, आठवडाभर चालली, पुन्हा तेच. वैतागून नवीन जोडी टाकली, तर वर्षाच्या आत तीही बसायला लागली. कोल्हापूर भागातल्या ट्रक, टिपर, टँकरच्या वायरिंगमध्ये माझं अर्धं आयुष्य गेलंय आणि त्यातला बराच वेळ या एकाच तक्रारीनं खाल्लाय. माझं म्हणणं एवढंच आहे: बॅटरी सारखी बसते तेव्हा बहुतेक वेळा दोष तिचा नसतो. करंट एक तर कुठेतरी गळतोय, नाही तर बॅटरीपर्यंत नीट पोहोचतच नाही. ते न शोधता नवीन जोडी टाकली की तीही त्याच वाटेनं जाते.

खालचं सगळं २४ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या. ट्रॅक्टर १२ व्होल्टवर चालतो. त्याला तपासणी हीच, फक्त दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर मोजलेले व्होल्ट निम्मे धरा; एका बॅटरीचे आकडे तेच.

लक्षणं

"गाडी उचलत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. कशी उचलत नाही ते नीट बघा आणि ऐका.

- एकच 'टक्' आवाज, पण हेडलाइट लख्ख: बॅटरीत जीव आहे. केबल, अर्थ (बॅटरी, चेसी आणि इंजिनमधली जोडणी) किंवा सेल्फवर (स्टार्टर मोटरवर) संशय घ्या.
- 'टकटकटकटक' असा सलग आवाज, डॅशबोर्डचे दिवे विझू-विझू होतात: चार्ज कमी आहे किंवा टर्मिनल ढिलं.
- काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत: मेन स्विच, मेन फ्यूज, सुटलेला लग (केबलचं टोक).
- काहीच आवाज नाही, दिवे मात्र चालू: सेल्फचा रिले, न्यूट्रल किंवा क्लच स्विच.
- सकाळी अडते, एकदा सुरू झाली की दिवसभर कुठेही उचलते: रात्रीत करंट गळतोय, नाही तर बॅटरीची ताकदच संपत आलीय.
- चहाला थांबलं, दहा मिनिटांनी आलं तर उचलत नाही: दिवसभर चार्जिंगच होत नाही.
- बल्ब सारखे उडतात, बॅटरीच्या पेटीतून उग्र वास येतो, पाणी पटापट आटतं: चार्जिंग जास्त होतंय.
- एका बॅटरीचं पाणी आटतं आणि दुसरीचं जसंच्या तसं: हे लक्षण लक्षात ठेवा, पुढं यावरच सगळ्यात जास्त बोलायचंय.

हात लावायच्या आधी

अंगठी, कडं, घड्याळ काढून खिशात ठेवा. धातूचं कडं पॉझिटिव्ह आणि चेसीच्या मध्ये आलं की क्षणात तापून लाल होतं, मनगटासकट. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की एका ठिणगीवर पेटतो, म्हणून बिडी-सिगारेट आणि लायटर लांब. आत गंधकाचं आम्ल असतं. डोळ्यांत गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं सलग धुवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा, चोळायचं नाही. पाण्याचा कॅन जवळ घेऊनच पेटी उघडा. साधा प्लास्टिकचा चष्मा फार महाग नसतो, तो घाला.

बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह काढायचं आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी लावायचं. कारण सरळ आहे. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना चेसीला टेकला की शॉर्ट. निगेटिव्ह आधीच सुटलं असेल तर तोच पाना टेकला तरी काही होत नाही.

फुकटातली तपासणी

पहिल्यांदा मेन स्विच बघा. हसू नका. क्लीनरनं रात्री बंद केला आणि सकाळी ड्रायव्हर सेल्फ मारत बसला, असे फोन मला दर हंगामात येतात.

मग टर्मिनल. क्लॅम्प हातानं फिरवून बघा. हातानं जरासा जरी हलला तरी तो ढिला आहे. सेल्फ मारताना काही शे अँपिअर करंट एका क्षणात ओढला जातो. ढिल्या सांध्यातून दिव्याचा करंट जातो, सेल्फचा जात नाही. दिवे लख्ख आणि सेल्फ मुका, याचं हे सगळ्यात स्वस्त कारण.

पांढरी-हिरवट बुरशी चढली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवा, जुन्या ब्रशनं घासा आणि साध्या पाण्यानं धुवून कोरडं करा. बुचं आधी घट्ट लावा. सोडा सेलमध्ये गेला तर तो आतलं आम्लच मारतो. पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत करा, क्लॅम्प आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली किंवा ग्रीस आधी लावून वर क्लॅम्प बसवायचा नाही. गगनबावडा, राधानगरीकडं जाणाऱ्या गाड्यांचं हे काम पावसाळ्यात दर महिन्याला करा. तिकडच्या पावसात टर्मिनल बघता बघता फुलतं.

बॅटरीची पट्टी आवळलेली आहे का तेही बघा. नुसती पेटीत ठेवलेली बॅटरी खड्ड्यात उडते, आतल्या प्लेटांवरचा मसाला झडून तळाला साचतो आणि सेल शॉर्ट होतो. पट्टीचा एक नट नाही म्हणून जोडी गेलेली मी पाहिलीय. बॅटरीचा वरचा भाग चिखलानं ओला असेल तर तोही पुसा. ओल्या मळातून एका पोस्टवरून दुसऱ्या पोस्टवर थोडाथोडा करंट वाहत राहतो.

पाणी

बूच उघडून बघा. पाणी प्लेटांच्या वर साधारण १० ते १५ मिलिमीटर हवं. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नको, बोअरचं नको, आरओचंही नको. त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. आणि आम्ल तर कधीच घालायचं नाही. उडून जातं ते पाणी, आम्ल आतच राहतं. "थोडं अॅसिड टाक, जोर येईल" असं सांगणारे अजून भेटतात. जोर दोन दिवस येतो आणि प्लेटा कायमच्या जातात.

प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी आधी घाला आणि पूर्ण पातळी चार्जिंग झाल्यावर करा. चार्ज होताना पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरलं तर आम्ल बाहेर येऊन पेटी आणि चेसी खातं.

बंद, म्हणजे मेंटेनन्स-फ्री बॅटरीला हा भाग लागू नाही. तिची बुचं उचकटू नका.

मीटर लावून

चार-पाचशे रुपयांचा साधा डिजिटल मीटर गाडीत असावाच. गाडी चार-पाच तास बंद राहिल्यावर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. नुसते टोकाचे २४ बघून समाधान मानू नका. खरी गोष्ट दोन आकड्यांमधल्या फरकात असते.

एका बॅटरीवर १२.६ ते १२.७ असेल तर ती भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. ११.८ च्या आसपास म्हणजे रिकामी. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकते, तर एक सेल मेला. बॅटरीत सहा सेल असतात आणि भरलेल्या एका सेलचे साधारण २.१ व्होल्ट, ते तेवढेच कमी दिसतात. ही बॅटरी कामातून गेली, तिच्यावर वेळ घालवू नका.

हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक सेलच्या पाण्याची घनता मोजा. भरलेल्या सेलला १.२६० ते १.२८०, अर्ध्याला १.२०० च्या आसपास. सगळे सेल सारखे कमी असतील तर बॅटरी फक्त उपाशी आहे, चार्ज करून बघा. पाच सेल १.२५० आणि एकच १.१८० असेल तर तो सेल गेला. चार्जिंगवाल्याकडं नेण्याआधी हे माहीत असलं की तोही उगाच दोन दिवस ठेवून घेत नाही.

चार्जिंग मंद करायला सांगा. बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त करंट नको. १५० ची असेल तर १५ अँपिअर, १०० ची असेल तर १०. याला रात्रभर लागते. "तासाभरात देतो" म्हणणारा बॅटरी भाजून देतो.

डेक, मोबाईल आणि १२ व्होल्टची चोरी

आता त्या लक्षणाकडं येऊ. आमच्या भागात सारख्या बसणाऱ्या जोड्यांचं हे पहिल्या नंबरचं कारण आहे.

गाडी २४ व्होल्टची, पण डेक, ॲम्प्लिफायर, मोबाईल चार्जर, केबिनमधली रंगीत लायटिंग हे सगळं १२ व्होल्टचं. मग बसवणारा काय करतो? दोन बॅटऱ्यांमधल्या लिंकवरून एक वायर काढतो आणि एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतो. डेक मस्त वाजतो. त्या दिवशी काहीच बिघडत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

पण आत काय होतं बघा. खालची बॅटरी रोज रात्री रिकामी होते, वरची भरलेलीच राहते. सकाळी गाडी सुरू झाली की डायनामोला (खरं तर अल्टरनेटर, पण गॅरेजमध्ये डायनामोच म्हणतात) फक्त दोन्हींची बेरीज दिसते. तो २८ व्होल्ट देतो आणि गप्प बसतो. त्या २८ ची वाटणी सारखी होत नाही. रिकाम्या बॅटरीच्या वाट्याला समजा १३ येतात, तर भरलेलीच्या वाट्याला १५. एकीचं पोट कधीच भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. दुसरी रोज जास्त चार्ज होऊन उकळते आणि तिचं पाणी आटतं. एक बैल उपाशी आणि दुसऱ्याला खाऊन खाऊन फुगारा, अशी जोडी औताला किती दिवस चालणार?

गेल्या हंगामात एका कारखान्याच्या गाडीतळावर उसाचा ट्रक अडकला होता. काट्याला नंबर लागायला रात्र जायची, तोवर केबिनमध्ये गाणी, दोन मोबाईल, पंखा. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, जोडी नवीन हाय, दुकानदारानं फसवलं बघा." मीटर लावला. पुढची बॅटरी १२.८, मागची ११.९. पुढचीच्या बुचांत पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं, मागचीत वरपर्यंत. लिंकच्या बोल्टवर एक पातळ पिवळी वायर, टेप गुंडाळून सीटखाली गेलेली. मी ती वायर त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "दुकानदार हितं बसलाय."

यावर उपाय दोन. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. तो दोन्ही बॅटऱ्यांवरून सारखा करंट घेतो. किंवा १२ व्होल्टचा लोड मोठाच असेल तर बॅटरी इक्वलायझर, म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांचा चार्ज सारखा ठेवणारा डबा. कन्व्हर्टर डेक आणि ॲम्प्लिफायर मिळून जेवढे अँपिअर ओढतात त्यापेक्षा मोठा घ्या आणि बॅटरीजवळच फ्यूज टाका. लिंकवरची वायर काढली की आधी दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करायच्या. नाही तर वायर गेली तरी जुना फरक तसाच राहतो.

याच कारणानं एक नवी आणि एक जुनी अशी जोडी लावू नका. कंपनी, अँपिअर-अवर आणि वय तिन्ही सारखं हवं. एक गेली तर दोन्ही बदला आणि त्यातली चांगली असलेली ट्रॅक्टरला वापरा. पैसे जास्त जातात, कळतंय. पण एकच बदलली तर जुनी बॅटरी नवीला वर्षभरात आपल्या पातळीवर आणते.

केबल आणि अर्थ

दिवे लख्ख, दोन्ही बॅटऱ्या १२.६, तरी सेल्फ जड? मीटरची एक तार बॅटरीच्या टोकाच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.५ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला चेसीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. ती पाण्याचिखलानं कुजते किंवा इंजिनकाम झाल्यावर परत लावायची राहते. मग सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेनं, अगदी पातळ वायरी आणि केबलमधूनही परत यायला बघतो आणि त्या तापतात. सेल्फ मारताना भलत्याच ठिकाणी धूर दिसला तर आधी ही पट्टी शोधा.

तसंच सेल्फ मारत असताना दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर मोजा. १९ च्या खाली कोसळत असेल आणि बॅटऱ्या चार्ज केलेल्या असतील, तर बॅटरी थकलीय किंवा सेल्फ जास्त करंट खातोय.

चार्जिंग होतंय का

इंजिन सुरू, ॲक्सिलरेटर थोडा दाबून, हेडलाइट लावून टोकांवर मोजा. साधारण २७.५ ते २८.८ यावं. २७ च्या खाली राहत असेल तर बॅटरी हळूहळू उपाशी मरतेय. २९ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आणि पाणी, बल्ब, पुढं ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळ्याला धोका.

कमी येत असेल तर डायनामो काढायच्या आधी बेल्ट दाबून बघा, कडेला चकाकी आली असेल तर तो घसरतोय. मग डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा. किल्ली ऑन केल्यावर तो लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्याच बल्बमधून डायनामोला पहिला करंट मिळतो. बल्ब उडाला की डायनामो जागाच होत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी डायनामो रिपेअरला गेलेले मी बघितलेत.

एक गोष्ट कधीही करू नका: इंजिन चालू असताना बॅटरीचा लग काढून "डायनामो चालतोय का" बघणं. जुन्या लोकांची ही सवय. बॅटरी सुटताक्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायनामोचे डायोड, नव्या गाड्यांत ईसीएमसुद्धा, जातो.

रात्रीत करंट कुठं जातो

सगळं बंद करा, दारं लावा, किल्ली काढा. निगेटिव्ह लग सोडून मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लग आणि पोस्टच्या मध्ये लावा. नव्या गाड्यांत ईसीएम झोपायला थोडा वेळ लागतो, तोवर थांबा. मीटर असा लावलेला असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच नाही. मीटरचा फ्यूज जाईल.

०.१ अँपिअर आलं तर दिवसाला २.४ अँपिअर-अवर जातात, १५० ची बॅटरी महिनाभरानं अर्धी होईल. रोज चालणाऱ्या गाडीला ते चालतं. पण १ अँपिअर आलं, तर तीन दिवसांत अर्धी बॅटरी गेली. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडतो तिथं चोर. बहुतेक वेळा तो नंतर बसवलेल्या सामानात सापडतो: जीपीएस, रिव्हर्स कॅमेरा, बाजूच्या लायटिंगचा चिकटलेला रिले.

कुठल्याच फ्यूजला आकडा पडत नसेल तर सकाळी थंड गाडीच्या डायनामोवर हात ठेवा. इंजिन गार आणि डायनामो कोमट लागला तर आतला डायोड गळतोय. हे काम वायरमनचं.

गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल, उदाहरणार्थ हंगाम संपल्यावर पावसाळाभर, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह सोडा आणि महिन्या-दीड महिन्यानं परत चार्ज द्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा ट्रकांच्या रांगा कित्येक दिवस उभ्या होत्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तसंच. अशा वेळी रात्री केबिनमध्ये दिवा-डेक चालू ठेवला की पाणी ओसरल्यावर गाडी जागची हलत नाही. बीएस-६ गाडीचा मेन स्विच मात्र किल्ली काढल्यावर लगेच पाडू नका, दोनेक मिनिटं थांबा. धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची लाइन रिकामी करायला पंप तेवढा वेळ चालतो; मध्येच वीज तोडली तर द्रव आत राहून सुकतो आणि नोझल चोंदतं.

सेल्फच्या आतलं काम, म्हणजे कार्बन, बुश, सोलेनॉइड, हे सगळं झाल्यावरच. त्यासाठी सेल्फ उतरवावा लागतो आणि तो बेंचवरच तपासायचा असतो.

जंप मारायचा असेल तर

जंप हा इलाज नाही, गाडी गॅरेजपर्यंत नेण्याची सोय आहे. आणि आधी बॅटरी बघा. फुगलेली, चिरलेली, गळणारी, हाताला गरम लागणारी किंवा सडक्या अंड्यासारखा वास येणारी असेल तर जंप नाही. एक सेल मेलेली असेल तरी नाही. बाहेरून जोर लावला की ती उकळून फुटू शकते.

२४ ला २४ च. कारवरून ट्रक नाही. ट्रकवरून ट्रॅक्टर तर अजिबात नाही. १२ च्या बॅटरीवर २४ घातले की ट्रॅक्टरचं वायरिंग जातं आणि बॅटरी तोंडावर फुटते. वेल्डिंग मशीनवरून गाडी उचलणारे बहाद्दरही आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

केबल तांब्याची, निदान ५० चौरस मिलिमीटरची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंग सामानाच्या दुकानात चांगली केबल मिळते, तिला जाड क्लॅम्प दाबून घ्या. कारसाठी मिळणारा पातळ लाल-काळा सेट ट्रकच्या सेल्फला वितळतो.

आता सगळ्यात जास्त चूक होते ती जागा. दोन बॅटऱ्यांना चार पोस्ट. त्यातल्या दोन एकमेकांना लिंकनं जोडलेल्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. सेल्फकडं केबल जाते ते टोकाचं पॉझिटिव्ह, चेसीला जाते ते टोकाचं निगेटिव्ह. रंगावर विश्वास ठेवू नका. चिखलात लाल-काळं सारखंच दिसतं आणि बदललेली केबल कुठल्याही रंगाची असते. बॅटरीवरची + खूण बघा, पॉझिटिव्हचा गोल पोस्ट थोडा जाड असतो, आणि मीटर लावून खात्री करा. उलटं लागलं तर डायनामोचे डायोड त्याच क्षणी जातात. काही नव्या गाड्यांत कंपनीनंच जंपसाठी वेगळा पॉइंट दिलेला असतो. असेल तर तोच वापरा आणि गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळा.

१. दोन्ही गाड्या न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा). गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका. दोन्ही इंजिनं, दिवे, डेक बंद.
२. लाल केबलचं एक टोक बसलेल्या गाडीच्या टोकाच्या पॉझिटिव्हला.
३. लालचं दुसरं टोक चांगल्या गाडीच्या टोकाच्या पॉझिटिव्हला.
४. काळीचं एक टोक चांगल्या गाडीच्या टोकाच्या निगेटिव्हला.
५. काळीचं शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनवर किंवा चेसीच्या उघड्या बोल्टवर. बॅटरी, डिझेल टाकी आणि पाइपांपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच, ती हायड्रोजनजवळ उडायला नको.
६. चांगली गाडी सुरू करून दहा मिनिटं थोड्या रेसवर ठेवा. मग ती बंद करून बसलेलीचा सेल्फ मारा, म्हणजे सगळा झटका चांगल्या गाडीच्या डायनामोवर जात नाही. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती.
७. सुरू झाली की रेस देऊ नका. हेडलाइट लावा, म्हणजे केबल काढताना उसळणारं व्होल्टेज दिव्यांत जिरतं. मग उलट्या क्रमानं केबल काढा: पहिल्यांदा चेसीवरची काळी.

सुरू झाल्यावर कागलपर्यंत चक्कर मारून बॅटरी भरत नाही. पूर्ण बसलेली जोडी चार्जरवरच भरायची, नाही तर सगळा भार डायनामोवर येतो आणि तोही जातो.

धक्का मारणं आता विसरा. एअर प्रेशर उतरलं की मागचे ब्रेक स्प्रिंगनं लॉक असतात, गाडी हलणारच नाही. प्रेशर असलं तरी इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग दगडासारखं जड आणि प्रेशर पुन्हा भरत नाही. आंबा घाटात किंवा फोंडा घाटात उतारावर सोडून सुरू करायचा प्रयोग जीवावरचा आहे. बीएस-६ मध्ये ईसीएमला पुरेसं व्होल्टेज नसेल तर इंजेक्टर उघडतही नाहीत. आणि गाडीखाली जाऊन सेल्फवर स्क्रू-ड्रायव्हर लावून डायरेक्ट मारणं तर नकोच. गाडी गिअरमध्ये असेल तर ती तुमच्यावरून जाते.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

तीन वेळा जंप मारूनही नुसतं 'टक्' येत असेल तर चौथ्यांदा मारू नका. सेल्फ किंवा केबल गेलीय, किंवा इंजिनच अडकलंय. केबल तापली, कुठूनही धूर आला, चार्जिंग २९ च्या वर दिसलं, जंपनंतर डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा राहिला: थांबा. सीएनजी गाडीत गॅसचा वास आला तर केबल जोडूच नका. ईसीएमच्या वायरिंगमध्ये टेस्ट लॅम्प घालायचा नाही, ते कंपनीच्या स्कॅनरवाल्याचं काम. बॉडीवाल्याकडं चेसीवर वेल्डिंग होणार असेल तर बॅटरी आणि ईसीएमचे कनेक्टर आधी सोडायला सांगा.

घाटातल्या वळणावर किंवा हायवेवर गाडी बंद पडली असेल तर दुरुस्ती नंतर. पार्किंग लाइट चालत असोत वा नसोत, मागं पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवा आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा. अपघाताची भीती वाटत असेल तर ११२.

जुनी जोडी भंगारात देऊन आम्ल गटारात ओतू देऊ नका. दुकानदाराकडं एक्स्चेंजला द्या. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणं ती गोळा करून रिसायकलिंगला पाठवायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे, आणि शिशाचे पैसेही मिळतात.

वायरमनला फोन करताना "बॅटरी बसली" एवढंच सांगू नका. गाडीचं मॉडेल, बीएस-४ की बीएस-६, दोन्ही बॅटऱ्यांचे वेगवेगळे व्होल्ट, सेल्फ मारताना आवाज कसा येतो, आणि डेक-लायटिंग कुठून घेतलंय, एवढं सांगा. तो बरोबर सामान घेऊन एकाच फेरीत येईल.